माळ्यावरचे बिऱ्हाड



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावावर ठराव होतो, विजेवर होतो, पीकविम्यावर तर दर बैठकीला होतो. रानडुकरावर आणि रोह्यावर बोलायला उभा राहिलेला माणूस खाली बसायचे नाव घेत नाही. पण बैठक संपून चहा सुरू झाला, की कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भाऊ, माळ्यावर काहीतरी शिरलं आहे. रात्रभर धडधड चालते. काय टाकू?"

या "काय टाकू"बद्दलच मला लिहायचे आहे. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. काहीतरी टाकायचे आहे हे नक्की असते, मी शेतकीची पदवी घेतलेला म्हणून फक्त पुडीचे नाव सांगायचे. माझे उत्तर असे, की ज्या माळ्याखाली लेकरे झोपतात त्या माळ्यावर काहीही टाकू नका. विष धोक्याचे आहे हे एक कारण झालेच. दुसरे कारण असे, की विषाने माळा रिकामा होत नाही. चार दिवस धडधड थांबते, पुडीचे पैसे जातात आणि पंधरवड्यात नवे बिऱ्हाड येते.

आधी वर कोण आहे ते पाहू. आपल्या कवेलूच्या किंवा पत्र्याच्या घरात माळ्यावर राहणारे प्राणी मोजकेच. उंदीर तर आहेच. दोरीवरून, भिंतीवरून, मयालीवरून सर्कशीतल्यासारखा धावणारा, लांब शेपटीचा घरउंदीर. जमीन पोखरणारी घूस वेगळी, ती बहुधा खालीच असते. दुसरे उदमांजर. कुठे त्याला मसण्याऊद म्हणतात आणि ते मसणातली प्रेते उकरते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते फळे, किडे, पाली, अंडी आणि उंदीर खाते. एखादवेळी खुराड्यातली कोंबडीही नेते, हे मान्य. तिसरे गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचे. त्याच्या पिलांचा फुत्कार ऐकून घरात नाग आहे असे समजून घर सोडून ओट्यावर झोपायला आलेली माणसे मला माहीत आहेत. मग वटवाघळे, खार आणि कधीमधी साप. धामण येते ती उंदरासाठी, आणि कवड्या येतो तो पालींसाठी. कवड्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात म्हणून मण्यार समजून त्याला मारतात. तो बिनविषारी आहे.

आता या यादीत ज्वारी खाणारे किती? उंदीर, आणि थोडीफार खार. बाकी उदमांजर, घुबड, धामण यांना तुमच्या कणगीशी काही देणेघेणे नाही. ते उंदरामागे आले, नाहीतर अंधारी कोरडी जागा मिळाली म्हणून आले. म्हणजे वरचे निम्मे बिऱ्हाड उंदराचे पाहुणे, आणि उंदीर आपला पाहुणा. आपण त्याला ज्वारी देतो, सरकी देतो आणि बिछान्याला कापूस देतो.

हिशेब करून पाहा. मोठा उंदीर दिवसाला वीसेक ग्रॅम दाणा खातो. वर्षाचे झाले सात किलोच्या वर. घरात पंचवीस उंदीर असले (आणि दिसणारे पाच असले तर न दिसणारे वीस असतातच) तर वर्षाला एक क्विंटल ऐंशी किलो ज्वारी गेली. लेंड्या-मुताने जी नासते ती वेगळी, बारदाने कुरतडतो ते वेगळे. कोरडवाहू जमिनीत एवढी ज्वारी पिकवायला किती रान नांगरावे लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते आणि ती पिले तीन महिन्यांत स्वतः वितात. मारण्याच्या शर्यतीत त्याला हरवता येत नाही. त्याचे खाणे आणि त्याची वाट बंद करता येते.

विषाकडे येऊ. बाजारातली काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. शेतातल्या बिळासाठी ते औषध आहे हे मी नाकारत नाही. दोन-तीन दिवस बिनविषारी दाणा देऊन उंदराला सवय लावायची, मग विषारी आमिष बिळात खोल घालून तोंड लिंपायचे, अशी त्याची रीत. माळ्याला बीळ नाही. तिथे आमिष उघड्यावर पडते, आणि आमिष कशाचे? ज्वारीच्या भरड्याचे. घरात ज्याची भाकरी होते त्याच दाण्याचे. वरून दोन दाणे खाली गळून कोंबडीच्या, मांजराच्या, रांगत्या पोराच्या वाट्याला आले तर या विषाला उतारा नाही. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो, डॉक्टर फक्त शरीर सावरण्याचे उपचार करू शकतात. उंदीर तर हुशारच. थोडे चाखून जो वाचला तो नंतर कित्येक आठवडे तसल्या आमिषाला तोंड लावत नाही. शिवाय मेलेला उंदीर माळ्याच्या अशा सांदीत मरतो जिथे हात पोचत नाही. मग आठ दिवस घरात बसवत नाही.

नळीत मिळणारे पिवळ्या फॉस्फरसचे मलम याहून वाईट. दिसायला ते दात घासायच्या मलमासारखे असते आणि घाईत, अंधारात तसेच वापरले गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्याने यकृत निकामी होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. बंद गोदामात, ताडपत्री झाकून, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली वापरायची ही वस्तू. सामान्य ग्राहकाला ती विकायची परवानगी नाही. तरी गावच्या दुकानात कागदात गुंडाळून मिळते. हवेतल्या ओलाव्याने तिचा वायू सुटतो, तो हवेपेक्षा किंचित जड असतो. माळ्यावर ठेवलेल्या गोळीचा वायू फळ्यांच्या फटींतून खाली, झोपलेल्या माणसांवर उतरतो. घरातल्या धान्यात गोळ्या ठेवून शेजारीच झोपलेल्या कुटुंबातली लेकरे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या देशात पुन्हापुन्हा आल्या आहेत. उंदरासाठी हा भाव फार झाला.

याच ओघात बीडची आठवण करून द्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. धक्क्यांच्या भीतीने बीडकडच्या गावांतलेही लोक दगडमातीची घरे सोडून बाहेर, पालांत नि झोपड्यांत राहू लागले आणि धान्य घरातच राहिले. रिकामे घर आणि भरलेली कणगी मिळाल्यावर उंदरांचे फावले, असा कयास तेव्हा जाणकारांनी मांडला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, घराघरांत पिसवांचा सुळसुळाट झाला आणि सप्टेंबरात प्लेगचे रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात सुरतेला घबराट उडून लाखो लोकांनी शहर सोडले. यातून एक गोष्ट गाठीला बांधायची. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले अंग सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. माळ्याखालचे सगळ्यांत जवळचे ऊबदार अंग म्हणजे आपण. म्हणून रोगाच्या दिवसांत आधी पिसवांवर भुकटी मारतात आणि नंतर उंदीर. घरात कोणी न मारता उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे, हा नियम आजही तोच आहे.

तर मग करायचे काय? पहिले काम ओळख पटवण्याचे. त्यासाठी चुलीतली राख पुरते. माळ्यावर ज्या सांदीतून येणे-जाणे वाटते तिथे आणि मयालीवर संध्याकाळी चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी ठसे पाहा. मांजरासारखा पण पाच बोटांचा ठसा उमटला तर उदमांजर. बारीक पावले आणि मधोमध शेपटीची रेघ असली तर उंदीर. विष्ठेवरूनही कळते. उदमांजर ठरल्या जागीच घाण करते आणि तिच्यात बोरांच्या, जांभळांच्या बिया अख्ख्या असतात. (इंडोनेशियात याच प्राण्याच्या विष्ठेतल्या कॉफीच्या बिया धुऊन, भाजून श्रीमंतांना जगातल्या महाग कॉफीत विकतात. आपल्या माळ्यावर ते बोराच्या बिया टाकते. मालाला भाव नसणे आपल्या नशिबी इथेही आहेच.) घुबड असेल तर खाली केसाहाडांच्या गोळ्या पडलेल्या दिसतील. एक गोळी फोडून पाहा, आत उंदराच्या कवट्या मिळतील. ज्याच्या माळ्यावर घुबड आहे त्याला अपशकुनाची भीती घालणाऱ्याने आधी त्या कवट्या मोजाव्यात. आणि उंदरांना विष घातले तर तेच उंदीर खाऊन हे घुबड मरते, हेही त्याला सांगावे.

उदमांजराच्या बाबतीत कायद्याचे एक वाक्य ध्यानात असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते संरक्षित आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फासा लावणे, पिंजऱ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने साध्या गुन्ह्याचा दंडही पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. कैद आहेच. उंदराला हे लागू नाही. पूर्वी तो कायद्यातच उपद्रवी म्हणून नोंदलेला होता, दुरुस्तीनंतर ती यादी गेली, पण उंदीर मारायला परवानगी आजही लागत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यावर माळा नसतो, सिमेंटचा स्लॅब असतो, म्हणून तो वाचताना आपल्याला राग येतो. तो राग मलाही येतो. तरी उदमांजर पिंजऱ्यात धरून दुसऱ्याच्या शिवारात सोडण्याने काय साधते? कायदा मोडतो तो मोडतोच, शिवाय ज्या सांदीतून ते आले ती सांद उघडीच राहते. महिन्याभरात दुसरे येते.

सांद बुजवणे हाच उपाय, पण वेळ साधून. उदमांजर आणि घुबड रात्री बाहेर पडतात. दिवसा भोक बुजवले तर आपण त्यांना आत कोंडतो. ते छत फोडते, किंवा आत मरते. म्हणून राखेवरून वाट कळली की अंधार पडल्यावर ते बाहेर पडल्याची खात्री करायची आणि मग पत्रा ठोकायचा. दुसऱ्या दिवशी आत राख पसरून ठसा उमटत नाही ना ते पाहायचे. आत पिले असतील तर मात्र थांबा. उदमांजराची पिले साधारण दोन महिन्यांत दूध सोडतात. आई बाहेर आणि पिले आत असे झाले तर ती माउली रात्रभर कवेलू उचकटते, आणि पिले मेली तर त्यांची दुर्गंधी आपल्यालाच भोगायची. घाई असेल तर रात्रभर माळ्यावर दिवा जळता ठेवावा, दिवसा रेडिओ लावावा. उजेड आणि आवाज तिला सोसत नाही. बरेचदा तीच पिले तोंडात धरून जागा बदलते. धूर करू नका. वर कापूस किंवा कडबा असताना धूर करणारा माणूस उदमांजराबरोबर घरही घालवतो. मधमाशांसाठी केलेल्या धुराने घरे जळालेली आपण पाहिली आहेत.

उंदरासाठीची बुजवणूक अधिक बारीक हवी. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदराचे पिलू जाते, म्हणून पाव इंची जाळी घ्या, कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही. भिंतीतली भोके काचेचे तुकडे घालून चुन्या-सिमेंटने लिंपावीत, नुसती माती तो एका रात्रीत उकरतो. पत्र्याचे घर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. पत्र्याची पन्हाळ भिंतीवर टेकते तिथे दर पन्हाळीखाली एक पोकळी राहते. वीस पन्हाळी म्हणजे उंदराला वीस दारे. मिस्त्री ती बुजवत नाही, कारण खालून ती दिसत नाहीत. त्याची मजुरी द्यायच्या आधी शिडी लावून स्वतः पाहा. घराला टेकवलेली कडब्याची गंजी आणि पऱ्हाट्यांचा ढीग म्हणजे आपणच लावलेली शिडी. ती भिंतीपासून हातभर नव्हे, चांगली दोन पुरुष दूर हलवा. छपरावर आलेली लिंबाची, चिंचेची फांदी छाटा. लाकडी खांबाला माणसाच्या छातीच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा हातभर रुंद पट्टा वेढला तर उंदीर त्यावरून घसरतो. जुन्या डब्याचा पत्रा चालतो. आणि ज्वारी कणगीतून झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत गेली की निम्मी लढाई तिथेच संपते. बांबूची कणगी शेणाने कितीही लिंपली तरी तिला दात लागतो.

वानराचे प्रकरण निराळे. वानर माळ्यावर राहत नाही, पण माळ्याचे दार तेच उघडते. या छपरावरून त्या छपरावर टोळी उडत गेली की चाळीस-पन्नास कवेलू फुटतात, पहिल्या पावसात ज्वारी भिजते आणि त्याच भगदाडातून बाकीचे आत येतात. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायची आपल्याकडे रीत होती. फेरणारी माणसे आता मिळत नाहीत, कुंभाराने भट्टी बंद केली, म्हणून फुटलेल्या जागी प्लास्टिकचा तुकडा दगड ठेवून दाबायचा, ही नवी रीत. प्लास्टिकखाली उंदराला घर फुकट. आणि शनिवारी मारुतीच्या पारावर वानरांना फुटाणे घालणारे गाव आणि रविवारी त्यांना गोफण मारणारे गाव एकच असते. फुटाणे बंद करण्याचा निर्णय ग्रामसभा आजही घेऊ शकते, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

सापाबद्दल थोडक्यात. उंदीर गेले की साप कमी होतात. तोवर जमिनीवर झोपू नका. बाज आणि मच्छरदाणी मण्यारीपासून जेवढी वाचवते तेवढे दुसरे काही वाचवत नाही. चावलाच तर मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठा. लस तिथेच आहे.

हे सगळे घरोघरी होऊ शकते, पण एकट्या घराने होत नाही. गावठाणात भिंतीला भिंत आणि आढ्याला आढे लागलेले असते. तुम्ही बुजवले तर तुमचे उंदीर शेजाऱ्याकडे, त्याने बुजवले की परत तुमच्याकडे. एका आळीने एकाच आठवड्यात बुजवणूक केली तरच अर्थ आहे.

आणि शेवटी हा प्रश्न नुसता घराचा राहत नाही. घराचे गोदाम का झाले ते विचारावेच लागते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तोच भाव पुन्हा येईल म्हणून पुढच्या हंगामात घरोघर माळ्यापर्यंत कापूस भरून ठेवला, भाव आला नाही, उन्हाळा आला. लोकांच्या अंगाला खाज सुटली आणि सरकीवर उंदीर पोसले. घरकुल योजनेत सरकार पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर धरते. त्यात शेतकऱ्याने माणसे झोपवायची, चूल मांडायची आणि वर्षाची ज्वारीही ठेवायची. नकाशात धान्याच्या कोठीला जागा नाही, म्हणजे ती बाजेखाली किंवा डोक्यावर जाणार. बाजार समित्यांमार्फतची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, ज्वारीही तिच्यात बसते. पण ज्याच्या तालुक्यात रिकामे गोदाम नाही त्याला योजनेचा कागद काय कामाचा?

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत पीकविम्याच्या ठरावाआधी दोन ओळींचा एक ठराव घ्यावा, अशी माझी सूचना आहे. शेतकऱ्याच्या घरकुलाच्या नकाशात उंदीर शिरणार नाही अशी धान्याची कोठी धरून तिचा खर्च अनुदानात मिळावा. आणि वानराने फोडलेले छप्पर व त्यामुळे भिजलेले धान्य यांचा पंचनामा करून भरपाई द्यावी, हे शासनाने स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. बैठकीला येताना आपापल्या आळीतल्या किती माळ्यांवर राखेत कोणते ठसे उमटले याची चिठ्ठी करून आणा. आकडा हातात असला की तहसीलदाराशी बोलणे सोपे जाते.